दोनदा कॉपी करा

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला सहसा एखादी मोडकी खुर्ची पुढे येते, नाहीतर एखादा थकलेला बैल. माझ्याकडे मोडायला पाय नाहीत आणि थकायला अंग नाही. मी एक चूक आहे. संगणकाच्या जगात माझ्यासारख्यांना बग म्हणतात. एका गप्पांच्या प्रोग्राममध्ये, हजारो ओळींच्या गर्दीत, एका ओळीत मी बसलेलो होतो. वर्षानुवर्षं मला तिथून कोणी उठवलं नाही.

हा प्रोग्राम लिनक्सवर चालायचा. संगणक चालवणारी ही व्यवस्था जगभरातल्या लोकांनी आपापल्या वेळातून वेळ काढून उभी केली आणि फुकट वाटून टाकली. माझा प्रोग्रामही त्याच जातकुळीतला. तो लिहिणारा माणूस दाढीवाला होता. आठवडाभर तो एका कारखान्यात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून प्रोग्राम लिहायचा. लोकांना एकमेकांशी सुखाने बोलता यावं, एवढीच त्याची इच्छा. कॉपीची ओळ लिहीत असताना आतल्या खोलीत त्याची मुलगी उठली आणि रडायला लागली. तो उठला, तिला खांद्यावर घेऊन चार येरझाऱ्या घातल्या, आणि परत येऊन बसला तेव्हा मनातलं निम्मं वाक्य निसटून गेलं होतं. त्या निसटलेल्या निम्म्या वाक्याच्या जागी मी बसलो.

मी नेमकं काय करायचो, ते सांगतो. तुम्ही एका ठिकाणचा मजकूर कॉपी करता आणि दुसरीकडे पेस्ट करता. मधल्या वेळात तो कुठे असतो? त्या जागेला क्लिपबोर्ड म्हणतात. तिथे एका वेळी एकच गोष्ट मावते. नवी आली की जुनी बाहेर. आता नवी कोणती आणि जुनी कोणती हे कळावं, म्हणून मजकुराबरोबर वेळेचा शिक्का मारून पाठवायचा असतो. आमचा प्रोग्राम आत्ताचा शिक्का मारायच्या ऐवजी मागच्या खेपेचाच शिक्का मारायचा. दाराशी बसलेला संगणक तो शिळा शिक्का बघायचा. याच्यापेक्षा ताजं माझ्याकडे आहे, असं म्हणून आलेला मजकूर दारातूनच परतवून लावायचा. ना घंटी, ना लाल अक्षरं. कॉपी करणाऱ्याला वाटायचं, झालं. पेस्ट केल्यावर मात्र आधीचाच मजकूर उमटायचा. तेच दुसऱ्यांदा कॉपी केलं की शिक्का पहिल्या खेपेचा लागायचा, तो पुरेसा ताजा असायचा, आणि मजकूर निमूट आत जायचा.

माझ्याविरुद्ध तक्रार लवकरच झाली. प्रोग्रामच्या तक्रारींच्या पानावर कोणीतरी लिहिलं, 'कॉपी कधीकधी होत नाही.' खाली दुसऱ्याने लिहिलं, 'मलाही.' तिसऱ्याने लिहिलं, 'इकडेही तीच रड.' दाढीवाल्याने करून पाहिलं, त्याच्याकडे सगळं ठीक चाललं. मग एका शहाण्याने तोडगा दिला: 'दोनदा कॉपी करा, होतं.' त्याच्यावर आभारांचा पाऊस पडला. लोकांचं काम भागलं आणि त्या दिवशी माझं आयुष्य वाढलं. पुढे दाढीवाल्याच्या संसारातून प्रोग्रामला वेळ मिळेना. त्याने तो एका इंजिनियर बाईच्या हाती सोपवला. तिच्यापुढे तक्रारींचा ढीग होता, आणि त्या ढिगात माझ्या नावापुढे 'फार महत्त्वाचं नाही' असा शेरा.

मित्रांनो, दुर्लक्ष झालं की वस्तू गंजतात. मी मात्र दुर्लक्षावरच पोसलो.

असाच फिरत फिरत मी एका पाळणाघरात पोहोचलो. तिथला संगणक जुना होता, कोणीतरी देऊन टाकलेला. तो दाराजवळच्या मेजावर होता, तिथून सगळी खोली दिसायची. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. सकाळी आईबाप आपल्या मुलांबद्दल निरोप पाठवत, ते या संगणकावर उमटत. कोणाला सर्दी, कोणाची झोप अपुरी, कोणाला न्यायला आज आत्या येणार. तिथे मुलं सांभाळणाऱ्या थोरल्या मावशी तो प्रत्येक निरोप कॉपी करून दिवसाच्या कागदावर त्या त्या मुलाच्या चौकोनात टाकत. ज्याचा काही निरोप नसेल, त्याच्या चौकोनात एकच ठरलेली ओळ: 'नेहमीप्रमाणे. सगळं चालतं.' मग कागद छापून स्वयंपाकघराच्या दारावर लागायचा, आणि दिवसभर सगळं त्या कागदावर चालायचं.

थोरल्या मावशींची आणि माझी गाठ पहिल्याच दिवशी पडली.

"याला पहिल्या हाकेला ऐकूच येत नाही बाई," त्या म्हणाल्या.

"मग दुसरा संगणक बघायचा का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कशाला? आमच्या ह्यांनाही पहिल्या हाकेला ऐकू येत नाही. त्यांना कुठे बदललं मी?"

झालं. त्या दिवसापासून मावशी प्रत्येक निरोप दोनदा कॉपी करू लागल्या. आधी लक्षात ठेवून, मग सवयीने, आणि शेवटी तर आपण दोनदा करतो हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मग मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यांच्या जागी नवी ताई आली. ती शिकलेली होती, आधी कुठे कुठे नोकरी केलेली. स्वतःचं बाळ जेमतेम रांगायला लागलेलं. बाळाला सोडून दूर जावं लागू नये म्हणून तिने हे काम धरलं होतं. बाळ तान्ह्यांच्या खोलीत आणि ती बाहेर. तिचा जीव सतत टांगणीला. येता-जाता मुलांच्या कपाळाला हात लावायची. सगळी झोपली की दबक्या पावलांनी एकेकाजवळ जाऊन श्वास ऐकायची.

"अगं, घेतायत श्वास सगळी," मावशी म्हणायच्या. "तूही घे थोडा."

रजेवर जाण्याआधी मावशींनी तिला सगळं शिकवलं. हा नळ अर्धाच सोडायचा. ही खिडकी रेटून लावायची. या बाळाला पाठीवर थोपटून झोप येत नाही, तळव्यांवर थोपटावं लागतं. ताई मान डोलवत ऐकत होती, एकेक गोष्ट मनात घोकत होती. मी वाट बघत होतो, आता माझं सांगतील, आता सांगतील. मावशींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं बाई. आता काही राहिलं नाही."

पुढचे काही आठवडे नशिबाने निभावले. कधी ताईला निरोप दुसऱ्यांदा उचलावा लागला, तर आपलाच हात घसरला असेल असं तिला वाटलं. आणि मग ती सकाळ उजाडली.

पाळणाघरात एक गोटू होता, दीड वर्षाचा, गोल गरगरीत. त्याचे वडील बस चालवायचे. त्यांची पहिली फेरी लवकर सुटायची, म्हणून त्याला सोडायला आजोबा यायचे. "सगळं निरोपात लिहिलंय म्हणाला तो," असं सांगून आजोबा गेले. निरोपात लिहिलं होतं: 'काल गोटूने पहिल्यांदा अंडं खाल्लं. तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजला. डॉक्टरांनी अंडं पूर्ण बंद सांगितलंय. लक्ष असू द्या.'

ताईने तो निरोप दोनदा वाचला. नुकतीच तिने आधीच्या मुलाच्या चौकोनात ठरलेली ओळ कॉपी करून टाकली होती. आता तिने गोटूचा निरोप कॉपी केला. मी नेहमीप्रमाणे शिळा शिक्का पुढे केला आणि निरोप दारातून परत फिरला. ती कागदावर आली, गोटूच्या चौकोनात पेस्ट करणार, तेवढ्यात एका मुलाने चपलांच्या कप्प्यात उलटी केली. तिने पेस्ट केलं आणि धावली. चौकोन भरला, एवढं तिने पाहिलं. कशाने भरला, ते नाही.

गोटूच्या चौकोनात होतं: 'नेहमीप्रमाणे. सगळं चालतं.'

मित्रांनो, मला ते दिसत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

त्या दिवशी मधल्या वेळच्या खाण्याला उकडलेलं अंडं होतं. ताई तान्ह्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि गोटूच्या हनुवटीवरचं पिवळं पाहून जागच्या जागी थांबली.

"काकू, गोटूला अंडं दिलंत?"

"हो की. आवडीने खातोय," स्वयंपाकाच्या काकू म्हणाल्या. "अर्धं संपवलंसुद्धा."

"अहो, त्याला अंडं बंद आहे."

"कागदावर सगळं चालतं लिहिलंय. तूच लिहिलंस ना?"

ताईने कागदाकडे पाहिलंही नाही. गोटूचं तोंड पुसलं, त्याला उचललं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पळत सुटली. तिथे पोहोचेपर्यंत त्याचे कान लाल झाले होते आणि एक डोळा सुजून मिटत चालला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, बराच वेळ समोर बसवून ठेवलं. सूज उतरायला लागली तेव्हा ते म्हणाले, "छाती मोकळी आहे. घाबरू नका. पण वेळेवर आणलंत म्हणून असं म्हणतोय." हे सगळं मी नंतर ऐकलं, ती मोठ्या बाईंना सांगत होती तेव्हा.

संध्याकाळी गोटूचे वडील गणवेशातच आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

"ताई, माझ्या पाठीमागे बसभर माणसं असतात," ते म्हणाले. "मला वळून बघता येत नाही, पुढेच बघावं लागतं. पोराचंही तसंच झालंय. तुमच्याकडे सोडायचं आणि वळून बघायचं नाही. आता कसं करू, सांगा."

"मी कॉपी केलं होतं," ताई म्हणाली.

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. "केलं असतंस तर कागदावर दिसलं असतं. संगणक काय मनाने लिहितो?"

"पण मला आठवतंय ना."

"आठवतं सगळ्यांनाच. वेंधळेपणा वेंधळ्याला कधी दिसत नाही." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मावशींना म्हटलंय, परवापासून रोज तासभर येऊन कागद तेवढा करून जा. तुला ठेवायचं की नाही, ते आठवड्याअखेर ठरवते. मला हे बोलायला आवडत नाहीये. पण उद्या बाकीचे आईबाप विचारतील, त्यांना काय सांगू?"

नोकरी गेली तर बाळाची जागाही जाणार होती, हे ताईला कळत होतं. पण तिला पोखरत होतं ते वेगळंच. जी सगळ्यांचे श्वास ऐकत फिरते, तिच्याच हातून हे व्हावं? मग आपल्या डोळ्यांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? दुसऱ्या दिवशी मुलं दुपारची झोपली, तेव्हा ती संगणकाशी बसली आणि गोटूचा तो निरोप पुन्हापुन्हा कॉपी करून पाहू लागली. पहिल्या खेपेला चुकीची ओळ आली, तिला वाटलं पुन्हा आपलाच हात घसरला. मग दर खेपेला बरोबर येत गेलं. मध्ये दुसरीकडे काही कॉपीच केलं नव्हतं, तर मी काय करणार? तिने डोळे मिटले. मी तिच्या नाकासमोर होतो, आणि ती स्वतःलाच दोषी धरून उठून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या मावशी काठी टेकत आल्या. ऑपरेशनचा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून त्यांनी कागद करायला घेतला. ताई बाळाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली. मावशींच्या चेहऱ्याकडे ती बघत नव्हती, पडद्याकडेही नाही. ती त्यांचा हात बघत होती.

"मावशी, दोनदा का केलंत?"

"काय दोनदा?"

"कॉपी. दोनदा दाबलंत तुम्ही."

"छे गं. एकदाच तर केलं."

"पुढचं करा बघू."

मावशींनी पुढचा निरोप घेतला. बोट दोनदा गेलं. मावशी आपल्याच हाताकडे अशा बघत राहिल्या, जसा काही तो शेजारणीचा होता.

"अगं, हा पहिल्या हाकेला ऐकत नाही ना," त्या हळूच म्हणाल्या. "हे तुला सांगितलं नाही का मी?"

"नाही."

"नळाचं सांगितलं. खिडकीचंसुद्धा सांगितलं." त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताने चोळलं. "मला सुचलंच नाही गं. ते बोटात जाऊन बसलं होतं, तोंडात राहिलंच नव्हतं."

ताई रागावली नाही. तिने बाळ मावशींच्या मांडीवर दिलं आणि स्वतः बसली. आधी कागदावरची ठरलेली ओळ कॉपी केली, मग गप्पांमध्ये जाऊन एक निरोप कॉपी केला, एकदाच. परत येऊन पेस्ट केलं. 'नेहमीप्रमाणे. सगळं चालतं.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिने मोठ्या बाईंना हाक मारली. बाईंनी एकदा पाहिलं, म्हणाल्या, "परत कर." मग चष्मा लावून स्वतःच बसल्या, आणि त्यांच्याही हातून तीच ओळ उमटली.

"म्हणजे मी तुला उगाच बोलले," त्या म्हणाल्या.

"उगाच नाही. पेस्ट झाल्यावर मी वाचायला हवं होतं."

"ते तर हवंच होतं, आणि यापुढे वाचायचंच. पण वेंधळी म्हणाले ते परत घेते. तू कुठेही जायचं नाहीस." बाईंनी चष्मा काढला. "चला, आता सगळ्यांना सांगून टाकू, दोनदा करायचं. विषय संपला."

मी सुटकेचा श्वास सोडला. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. याच वाक्यावर मी इतकी वर्षं जगलो होतो.

"आपल्यापुरता संपेल," ताई म्हणाली. "उद्या मी रजेवर गेले आणि सांगायला विसरले तर?"

दुपारी तिने ते तक्रारींचं पान शोधून काढलं. 'मलाही, मलाही' अशी लांबच लांब रांग तिने वाचत नेली. तिला वाटलं असेल, एवढ्या जणांना ठाऊक होतं. मग तिने लिहिलं. चिडून नाही, एकेक पायरी सांगून: आधी दुसऱ्या प्रोग्राममध्ये काहीतरी कॉपी करा, मग इथे या, निरोप कॉपी करा, परत जाऊन पेस्ट करा. शेवटी लिहिलं, 'आमच्याकडे दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात यामुळे अंडं गेलं. तो आता बरा आहे. दोनदा कॉपी करा, हे ज्याला कोणी सांगत नाही, त्याचं काय?'

प्रोग्राम सांभाळणाऱ्या इंजिनियर बाईंचं उत्तर आलं. त्यांनी करून पाहिलं होतं, त्यांच्याकडे सगळं ठीक चालत होतं. पण या वेळी त्यांनी शेरा मारून सोडून दिलं नाही. एक प्रश्न विचारला. 'तुम्ही कॉपी कीबोर्डने करता की माउसने?'

ताईने लिहिलं, 'माउसने. दुसऱ्या हातावर बाळ असतं.'

तिकडून उत्तर आलं, 'मी नेहमी कीबोर्डनेच करते. दोन्ही हात मोकळे असतात माझे. म्हणून मला हा दोष कधी दिसलाच नाही.'

माझी खोड फक्त माउसच्या वाटेवर होती, मित्रांनो. कीबोर्डच्या वाटेवर शिक्का ताजा लागायचा. इंजिनियर बाईंनी डावा हात मांडीवर ठेवला, एका हाताने माउस धरला, आणि ताईने सांगितलेल्या पायऱ्या चढत थेट माझ्यापर्यंत आल्या. मला काढायला त्यांना फार वेळ लागला नाही. मी होतोच केवढा? एक ओळ.

पाळणाघरात नवा प्रोग्राम आला तेव्हा ताईनेच तो बसवला. तिथून जाताना मला वाईट वाटलं नाही. जाण्याआधी मी एक सकाळ पाहिली. गोटूच्या वडिलांना सुट्टी होती, ते स्वतः त्याला घेऊन आले होते. ताईने छापलेला कागद हातात घेतला आणि गोटूचा चौकोन त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग गोटूला तिच्या हातात दिलं आणि फाटकाकडे निघाले. चालताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, कामाच्या ठिकाणी माझे भाऊबंद असतील. त्यांच्या बाजूने वाट काढायला तुम्ही शिकला असाल. तेवढ्याने ते जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात. आणि मग ज्याला ती वाट माहीत नाही, त्याच्या पायात येतात. म्हणून जमलं तर त्यांना दुरुस्त करा. नाही जमलं तर ज्याला जमेल त्याला सांगा, आणि नीट सांगा. नुसतं 'मलाही' म्हणून पुढे जाऊ नका.

नवा प्रोग्राम सगळीकडे पोहोचतोच असं नाही. एका गोदामातल्या जुन्या संगणकात मी अजून आहे. तिथला कारकून औषधांच्या खोक्यांवरचे पत्ते माझ्यातून उचलतो. तो दोनदा कॉपी करतो, आणि करतो हे त्याला माहीत नाही. त्याची बदली झाली आहे. त्याच्या जागी येणारी मुलगी आज काम समजून घ्यायला आली आहे. कारकून भला माणूस आहे. पंख्याचं बटण कुठे, कुलूप कसं हिसका देऊन उघडायचं, सगळं तो तिला मन लावून सांगतो आहे, आणि तीही मन लावून ऐकते आहे. मी कान देऊन बसलो आहे. माझ्याबद्दल तो अजून काही बोललेला नाही.